बॅकअप पूर्ण, फाईल २० बाइट

मे महिन्याच्या २७ तारखेला काकांचा फोन आला. देवगड तालुक्यात त्यांची पॅकिंग शेड आहे, आंब्याच्या सीझनला आजूबाजूचे पंचवीस-तीस बागायतदार तिथे माल आणून टाकतात, तिथून पेट्या वाशीला जातात आणि मग पट्टी (विकलेल्या मालाचा हिशोब) आली की प्रत्येकाचा हिशोब होतो. हा सगळा हिशोब एका जुन्या टॉवर पीसीवर चालतो, त्यावर उबंटू (लिनक्स) आणि मायएसक्यूएल (डेटाबेस) टाकून सहा वर्षांपूर्वी मीच तो सर्व्हर म्हणून उभा केला. मी राहतो रत्नागिरीत, काम दुसऱ्या कंपनीचं करतो, पण शेडच्या सर्व्हरची जबाबदारी माझी, आणि ती मी मनापासून घेतलेली आहे.

तर काकांचं म्हणणं असं होतं की एका बागायतदाराच्या खात्यावर ८ मेची एन्ट्री २८ पेट्या दिसतेय आणि तो गृहस्थ म्हणतोय मी ३८ घातल्या. पावतीचं बुक पावसात भिजलेलं (वळवाचा पहिला पाऊस त्या आठवड्यात झाला आणि टेबल खिडकीजवळ), शेवटचा आंबा कॅनिंगला चाललाय, सगळ्यांना हिशोब मिटवून मोकळं व्हायचंय, आणि दहा पेट्यांचा फरक म्हणजे काही थोडे पैसे नाहीत. ऑफिसात बसणारी ताई म्हणत होती की मी काही बदललं नाही. काका मला शांतपणे म्हणाले, "अरे तुझो तो बॅकअप आसा मा, मगे काढ त्येच्यातना."

मी म्हटलं काढतो, पाच मिनिटं द्या. रोज रात्री दोन वाजता बॅकअप होतो, पंधरा दिवसांच्या फायली असतात, त्यातली १५-२० तारखेची एखादी उघडायची आणि बघायचं.

लॉग (रोजच्या बॅकअपची नोंद असलेली फाईल) उघडला. प्रत्येक तारखेपुढे "बॅकअप पूर्ण", एकही ओळ चुकलेली नाही. मग फायलींची यादी काढली, आणि साइझचा कॉलम बघून मी खुर्चीवर सरळ बसलो. १३ मे ६.१ एमबी, १४ ला ६.१, १५ ला ६.२, १६ ला ६.२, आणि मग १७ पासून २७ पर्यंत ओळीने अकरा वेळा २०. वीस एमबी नाही, वीस बाइट.

ज्यांनी हे कधी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो, फाईल दाबून लहान करणाऱ्या जीझिपला तुम्ही काहीच दिलं नाही, अगदी रिकामं इनपुट दिलं, तरी तो एक व्यवस्थित फाईल बनवून देतो, हेडर आणि शेपटी मिळून बरोबर २० बाइटची. ती फाईल खराब नसते. जीझिपच्या टेस्टच्या ऑप्शनने तपासली तरी पास होते, कारण जीझिपच्या दृष्टीने काहीच चुकलेलं नाही, रिकामी गोष्ट त्याने नीट बांधून दिली. म्हणजे कुठल्याही बॅकअपच्या फोल्डरमध्ये २० बाइटची जीझेड फाईल दिसली तर समजायचं की डंप (डेटाबेस फाईलमध्ये उतरवणं) सुरूच झाला नाही.

आता हे झालं कसं. १६ मेला दुपारी मी डेटाबेसच्या युजरचा पासवर्ड बदलला होता, कारण जुना पासवर्ड सीझनपुरत्या येणाऱ्या दोन पोरांना माहीत झाला होता. हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये नवीन टाकला, चालतंय ना बघितलं, ताईला फोन करून एक बिल काढायला लावलं, सगळं ठीक. बॅकअपची स्क्रिप्ट (लिहून ठेवलेल्या कमांड) ज्या फाईलमधून पासवर्ड वाचते त्या फाईलमध्ये जुनाच राहिला. त्या रात्री दोन वाजता डंप काढणारा मायएसक्यूएलडंप उठला, त्याला आत घेतलं नाही, त्याने एरर दिली आणि संपला. पण स्क्रिप्टमधली ओळ होती डंप, मग पाइप (पहिल्या कमांडचं आउटपुट दुसरीला देणारा), मग जीझिप. आणि शेलमध्ये पाइपचा निकाल म्हणजे शेवटच्या कमांडचा निकाल. पहिली कमांड आपटली तरी शेवटची नीट संपली तर सगळं नीट. जीझिप नीट संपला होता. त्याच्या पुढच्या ओळीत मी इको लावून ठेवलेलं, "बॅकअप पूर्ण", त्याला कुठलीच अट नव्हती, तो लॉगमध्ये छापायचाच.

मग एरर गेली कुठे? ठरल्या वेळेला काम सुरू करतो तो क्रॉन, त्याच्या ओळीच्या शेवटी मी आउटपुट आणि एरर दोन्ही डेव्ह-नलकडे (लिनक्सची कचरापेटी) वळवलेलं. का, तर सुरुवातीला क्रॉन प्रत्येक रात्री काहीतरी मेल टाकायचा, तो लोकल मेलबॉक्स भरत जायचा, कोणी वाचत नव्हतं, म्हणून बंद केलं. तेव्हा ते बरोबरच वाटलं होतं. अकरा रात्री सर्व्हर एकच गोष्ट सांगत होता, ॲक्सेस डिनाइड, आणि मी त्याचं तोंड सहा वर्षांपूर्वीच बांधून ठेवलेलं.

पण मला खरी भीती वाटली ती पुढच्या ओळीची. जुन्या फायली काढून टाकणारी ओळ. चौदा दिवसांपेक्षा जुनं ते डिलीट, फाइंड कमांड, सगळेच लावतात. ही ओळ आजचा बॅकअप झाला की नाही हे बघत नव्हती. म्हणजे रोज रात्री एक रिकामी फाईल यायची आणि एक चांगली फाईल जायची. २७ तारखेला चार चांगल्या उरल्या होत्या. तो बागायतदार चार दिवस गप्प बसला असता तर ३१ मेच्या पहाटे १६ तारखेची शेवटची चांगली फाईल पण गेली असती, फोल्डरमध्ये पंधरा फायली दिसल्या असत्या आणि एकातही काही नसतं. मुंबईतल्या भाड्याच्या सर्व्हरवर मी रोज आरसिंकने (फायली दुसऱ्या मशीनवर जुळवून पाठवणारा प्रोग्राम) कॉपी पाठवतो ना, तिथेही तेच, कारण आरसिंकला डिलीटचा ऑप्शन लावलेला, इथे जे गेलं ते तिथूनही गेलं. दोन ठिकाणी कॉपी आहे म्हणून मी निर्धास्त होतो, आणि दोन्हीकडे तीच रिकामी फाईल जात होती.

१४ मेची फाईल दुसऱ्या लॅपटॉपवर उघडली. ३८ होत्या. नंतर कधीतरी कोणीतरी दुसरी एन्ट्री दुरुस्त करताना चुकून ही बदलली असणार, मुद्दाम कोणी केलं असं मला वाटत नाही आणि मी तसं काकांनाही सांगितलं. बागायतदाराला त्याचे पैसे मिळाले. काकांच्या दृष्टीने विषय तिथे संपला, उलट बॅकअपमुळे काम झालं म्हणून त्यांनी कौतुक केलं, आणि ते कौतुक मला अजिबात घेववलं नाही.

त्या रात्री मी झोपलो नाही म्हटलं तरी चालेल. आणि त्यानंतर पूर्ण पावसाळाभर हा एकच विषय डोक्यात होता, कारण एक भोक सापडल्यावर मी बाकीची शोधायला लागलो आणि ती सापडत गेली.

जूनमध्ये दुसरं सापडलं. शेडमध्ये बॅकअप जातो तो यूएसबी हार्डडिस्कवर. आमच्याकडे मिरग सुरू झाला की लाईटचं काय असतं ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको, दिवसातून आठ वेळा जाते, इन्व्हर्टरवर जाताना-येताना एक झटका बसतो. त्या झटक्यात पीसी तगला पण यूएसबी डिस्क सुटली. मग कधीतरी पीसी रीस्टार्ट झाला, आणि एफएसटॅबमध्ये (कुठली डिस्क कुठे जोडायची ती यादी) त्या डिस्कपुढे मी नोफेल लिहिलेलं, म्हणजे डिस्क सापडली नाही तरी अडू नकोस, चालू हो. ते लिहायलाच हवं, नाहीतर डिस्क नसली की पीसी बूटच पूर्ण होत नाही आणि सकाळी ताई अडकून बसते. पण मग झालं असं की डिस्क जिथे जोडली जाते तो फोल्डर तर आहेच, रिकामा, मेन डिस्कवरचा. स्क्रिप्ट त्याच्यातच लिहीत राहिली. बॅकअप दिसतोय, साइझ बरोबर आहे, उघडतोय पण, फक्त तो ज्या डिस्कचा बॅकअप आहे त्याच डिस्कवर आहे. ती डिस्क गेली की दोन्ही गेलं. वर मेन डिस्क भरत चाललेली ती वेगळीच.

याला उपाय दोन केले. एक, स्क्रिप्टच्या सुरुवातीलाच माउंटपॉइंट कमांडने विचारायचं की इथे खरंच डिस्क लागलेली आहे का, नसेल तर तिथेच थांबायचं आणि बोंब मारायची. दुसरा उपाय मला जास्त आवडतो: डिस्क काढलेली असताना त्या रिकाम्या फोल्डरला सीएचॲटरने आय फ्लॅग लावून ठेवायचा. मग त्याच्यात रूटलासुद्धा (सगळे अधिकार असलेल्या युजरला) काही लिहिता येत नाही, पण वर डिस्क माउंट मात्र होते आणि डिस्कवर नेहमीसारखं लिहिता येतं. डिस्क नसेल तर लिहिण्याचा प्रयत्नच आपटतो. आणि एफएसटॅबमध्ये डिस्क यूयूआयडीने (कायम राहणाऱ्या ओळख-नंबरने) लिहा, एसडीबी एसडीसी ही नावं परत लावताना बदलतात.

तिसरं मला आधीच सुचायला हवं होतं. रात्री दोनला लाईट नसेल, इन्व्हर्टर उतरला असेल आणि पीसी बंद असेल तर काय? क्रॉन काही करत नाही. वेळ गेली ती गेली, सकाळी पीसी चालू झाल्यावर तो मागचं काम भरून काढत नाही. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेलं तेव्हा सिंधुदुर्गात कितीतरी गावांत कित्येक दिवस लाईट नव्हती, तेव्हा शेडचा पीसी चालूच नव्हता त्यामुळे काही हरवलं नाही, पण साध्या पावसाळ्यात हे जास्त घातक, कारण दिवसा काम चालतं आणि रात्री तेवढी लाईट जाते, असं चार-पाच रात्री लागोपाठ होऊ शकतं. म्हणून क्रॉन सोडून सिस्टमडीचा टायमर केला आणि त्यात पर्सिस्टंट ट्रू लावलं. आता पीसी बंद असताना वेळ निघून गेली असेल तर चालू झाल्यावर तो लगेच ते काम करतो. ॲनाक्रॉननेही हे होतं.

क्रॉनच ठेवायचा असेल त्यांच्यासाठी काही गोष्टी, ज्या मला वेगवेगळ्या वर्षी चावलेल्या आहेत. क्रॉनची ओळ लिहिताना टक्क्याचं चिन्ह तसंच टाकू नका, क्रॉन त्याला नवीन ओळ समजतो, त्यामुळे फाईलच्या नावात तारीख घालायला गेलात की कमांड तिथेच तुटते, आधी बॅकस्लॅश द्यावा लागतो, किंवा सरळ तारखेचं काम स्क्रिप्टच्या आत ठेवा. क्रॉनमधला पाथ (कमांड कुठे शोधायच्या ती यादी) तुमच्या टर्मिनलसारखा नसतो, फार तोकडा असतो, म्हणून हाताने चालवली की चालते आणि रात्री चालत नाही असं होतं. एसएसएचची (दूरच्या मशीनला जोडायची सोय) की तुम्ही लॉगिन केल्यावर एजंटमध्ये उघडी असते, क्रॉनला ती मिळत नाही. हे सगळं रात्रीपर्यंत न थांबता तपासायचं असेल तर एनव्ही कमांड डॅश आय लावून स्क्रिप्ट चालवा, म्हणजे सगळं वातावरण पुसून रिकाम्या शेलमध्ये ती चालते, अर्ध्या चुका तिथेच दिसतात. आणि डेव्ह-नल काढाच. मी काढल्यावर सिसलॉगमध्ये मला दिसलं की क्रॉन म्हणतोय, एमटीए इन्स्टॉल केलेलं नाही, आउटपुट टाकून देतोय. म्हणजे नवीन उबंटू टाकल्यापासून मेल पाठवायला मशीनवर काही नव्हतंच.

मुंबईच्या सर्व्हरवर एक छोटी गोष्ट सापडली, त्याचं घड्याळ यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) होतं. तिथला साफसफाईचा जॉब "रात्री दोनला" लावलेला, म्हणजे आपल्या सकाळी साडेसातला, बरोबर शेड उघडून काम सुरू व्हायच्या वेळी. टाइमझोन बदलला, संपलं.

जुलैमधलं प्रकरण मात्र जरा लांबलं. एका शनिवारी सहज बघितलं तर मुंबईला सहा दिवस काहीच गेलं नव्हतं. एरर नाही. लॉगमध्ये फेल नाही, पास नाही, काहीच नाही. प्रोसेसची यादी बघितली तर आरसिंक चालू, आणि सुरू झाल्याची तारीख आदल्या रविवारची! पावसात नेट मधेच तुटलं, आरसिंकला स्वतःहून टाइमआउट नसतो, समोरून उत्तर येईल म्हणून तो बिचारा सहा दिवस थांबून राहिलेला. आणि दोन बॅकअप एकावर एक चढू नयेत म्हणून मी एफलॉक लावलेला, तो दर रात्री बघायचा की कुलूप आहे, आधीचा चालू आहे, आणि गुपचूप परत जायचा. दोन्ही आपापल्या जागी बरोबर. आरसिंकला टाइमआउट लावला, एसएसएचला सर्व्हरअलाइव्ह (समोरचा अजून आहे का हे विचारत राहणं) लावलं, आणि कुलूप मिळालं नाही तर तीही एरर धरायची असं केलं.

हे सगळं होत असताना मला गिटलॅबची (प्रोग्रामरांचा कोड ठेवणारी कंपनी) गोष्ट आठवत राहिली. ३१ जानेवारी २०१७ ला त्यांच्या एका इंजिनिअरकडून चुकून चालू डेटाबेसचा फोल्डर डिलीट झाला, मग बॅकअप शोधायला गेले तर रोजचे डंप जिथे असायला हवेत ती जागाच रिकामी. कारण त्यांच्या पोस्टग्रेस डेटाबेसचा डंप ९.२ व्हर्जनचा चालत होता आणि डेटाबेस ९.६ चा, तो एरर देऊन संपत होता. एररचे मेल जात होते पण डीमार्कमध्ये (खोटे मेल अडवणारी तपासणी) अडकून नाकारले जात होते, कोणापर्यंत पोचलेच नाहीत. योगायोगाने एकाने सहा तास आधी दुसऱ्या कामासाठी स्नॅपशॉट (डेटाची त्या क्षणाची प्रत) काढलेला, त्यावरून परत उभं केलं आणि तेवढ्या तासांचा डेटा गेला. त्यांनी हे सगळं स्वतः जाहीर लिहून सांगितलं, त्याबद्दल मला त्यांचा आदर आहे. आमची शेड कुठे आणि ते कुठे, पण भोक तेच: डंप आपटतो, एरर कोणालाच दिसत नाही, आणि सगळे बॅकअप आहे असं समजून चालतात.

मी त्यातून स्क्रिप्ट नव्याने लिहिली. पहिली ओळ बॅशची, कारण उबंटूचा साधा शेल एसएच म्हणजे डॅश, त्यात पाइपफेल (पाइपमधली कुठलीही कमांड आपटली तर सगळं आपटलं धरणं) सगळीकडे चालत नाही. मग सेट करून ई (चूक झाली की थांब), यू (न ठरवलेलं नाव वापरलं की थांब) आणि पाइपफेल तिन्ही. नुसतं ई लावून पाइपमधली चूक पकडली जात नाही, हे लक्षात ठेवा. डंप थेट शेवटच्या नावाने लिहायचा नाही, आधी तात्पुरत्या नावाने, मग तपासायचा, आणि पास झाला तरच नाव बदलायचं, म्हणजे अर्धवट फाईल कधी पूर्ण फायलीसारखी दिसत नाही. तपासणीत मी दोन गोष्टी बघतो. मायएसक्यूएलडंप नीट संपला की शेवटच्या ओळीत "डंप कम्प्लिटेड" लिहून तारीख टाकतो, ती ओळ आहे का. साइझ कालच्यापेक्षा फार कमी नाही ना, कारण हिशोब सीझनभर वाढतच जातो, तो अर्धा होण्याचं काही कारण नाही. आणि आजची पास झाली असेल तरच जुन्या फायली काढायच्या, शिवाय दर महिन्याची एक फाईल वेगळी ठेवायची जिला फाइंड हात लावत नाही.

पण स्क्रिप्ट कितीही शहाणी केली तरी पीसीच बंद असेल तर ती काय बोलणार? सहा दिवस अडकलेल्या आरसिंकने हेच दाखवलं. चुकलं की कळवायचं ही रचनाच पुरेशी नाही, कारण कळवणारा उरला पाहिजे. आमच्या आजोळी बंदरावर मी लहानपणापासून बघितलंय, होडी ठरल्या वेळेला लागली नाही की कोणी निरोपाची वाट बघत नाही. निरोप कोण पाठवणार, तो तर होडीतच आहे. वेळ टळली की माणसं उठतात, दुसऱ्या होड्यांवर विचारतात, शोधायला निघतात. मला सर्व्हरसाठी तसंच हवं होतं. म्हणून बॅकअप पास झाला की शेवटच्या ओळीत एक पिंग (झालं असा छोटा निरोप) बाहेर जातो, बाहेरची एक सेवा तो पिंग येण्याची वाट बघते, आणि साडेतीनपर्यंत आला नाही तर माझा फोन वाजवते. हेल्थचेक्स नावाची ओपन सोर्स सेवा आहे, तीच वापरतो, कोणाला स्वतःच्या सर्व्हरवर चालवायची असेल तर तशीही चालते, फक्त ज्याच्यावर लक्ष ठेवायचं त्याच मशीनवर ती बसवू नका.

आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी मुंबईच्या सर्व्हरवरून फाईल उतरवून जुन्या लॅपटॉपवर रिस्टोर करतो, म्हणजे तिच्यातून डेटाबेस परत उभा करतो. शेडमधल्या डिस्कवरून नाही, मुद्दाम मुंबईवरून. २२ जुलै २०२१ ला चिपळूणच्या बाजारपेठेत वाशिष्ठीचं पाणी शिरलं तेव्हा आमच्या नात्यातल्या एकांच्या दुकानात कॉम्प्युटर, हार्डडिस्क, वह्या सगळं एकाच कपाटात होतं, आठवडाभर चिखल काढत होतो आम्ही आणि त्यातून उधारीची एक यादीसुद्धा वाचवता आली नाही. त्यामुळे शेड नाहीच असं धरून मी रिस्टोर करतो. झालं की ताईला व्हॉट्सॲपवर विचारतो, शनिवारचं शेवटचं बिल नंबर काय आणि किती पेट्यांचं, ती वही बघून सांगते आणि मी लॅपटॉपवर बघतो. जुळलं की माझ्या मते त्या महिन्याचा बॅकअप झाला. ताईला पहिल्यांदा वाटलं मी तिच्यावर लक्ष ठेवतोय, मग मी तिला २० बाइटची सगळी गोष्ट सांगितली, आता मी विसरलो तर तीच रविवारी सकाळी बिल नंबर पाठवून देते.

गेल्या आठवड्यात पहाटे ३.३० ला फोन वाजला. पिंग आला नव्हता. बाहेर पाऊस कोसळत होता, मी घरूनच शेडच्या पीसीला नेटवरून जोडायचा प्रयत्न केला, तो लागत नव्हता. सहापर्यंत कसाबसा थांबलो आणि काकांना फोन लावला. ते उठलेलेच होते. "लाईट नाय हा रे, राती दोनाक गेली ती अजून येवक नाय," ते म्हणाले, आणि विचारलं, "तुका रत्नांग्रीत कसा कळला?"

सव्वानऊला लाईट आली. नऊ वाजून सव्वीस मिनिटांनी पिंग आला, फाईल ६.८ एमबी.